विडी कामगार स्त्रिया, आरोग्यविमा आणि संततिनियमन

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर, कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर वसलेले निपाणी शहर तंबाखूची पेठ म्हणून सर्वपरिचित आहे. पूर्वी चिकोडी तालुक्यात मोडणारे आणि आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असल्याने येथील जनतेचे दैनंदिन व्यवहार बेळगावइतकेच कोल्हापूरशीही जोडलेले आहेत. येथील वखारींतून तंबाखू चाळणे, निवडणे, पोती भरणे अशी कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होतात. शहरात व आसपासच्या खेड्यांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आढळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. हात चालला तर मजुरी, हात थांबला तर काहीच नाही, असा हा रोकडा हिशेब आहे.

१९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी झालेल्या शेतकरी आंदोलनामुळे निपाणीचे नाव देशभर गाजले. त्याच सुमारास वखारींतील स्त्रियाही संघटित होत होत्या, ही गोष्ट मात्र त्या मानाने थोड्यांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने त्यांच्या लढ्यावर एक माहितीपट तयार केला. मजुरीचा दर आणि कामाचे तास यांविषयी या स्त्रिया तेव्हापासून मोकळेपणाने बोलू लागल्या. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, आणि न होण्यासाठी जे करावे लागते त्याचा भार कोणी सोसावा, हे प्रश्न मात्र बहुधा घराच्या उंबऱ्याआडच राहिले. संततिनियमनाचा खर्च आरोग्यविम्याने उचलावा काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी शहरातील पगारदार वर्गाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची खरी कसोटी निपाणीसारख्या ठिकाणीच लागते.

विम्याची भाषा

खाजगी आरोग्यविम्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. भारतीय विमा विनियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविमापत्रांतील अपवादांची, म्हणजे ज्या गोष्टींसाठी पैसे मिळणार नाहीत त्यांची, शब्दरचना सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यांतील सतराव्या क्रमांकाच्या अपवादात कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन, नसबंदीची शस्त्रक्रिया, ती उलटविण्याची शस्त्रक्रिया, कृत्रिम गर्भधारणा आणि सरोगसी या सर्वांचा समावेश होतो. अठराव्या अपवादात प्रसूतीचा खर्च आणि कायदेशीर गर्भपाताचा खर्च येतो. मूल हवे असून न होणारी, मूल नको असलेली, मूल होणारी आणि राहिलेला गर्भ नाइलाजाने काढून टाकणारी अशा चारही प्रकारच्या स्त्रियांना लागोपाठच्या दोन कलमांनी दाराबाहेर ठेवले आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. काही विमापत्रांत जादा हप्ता घेऊन आणि ठरावीक काळ वाट पाहावयास लावून प्रसूतीपुरता दरवाजा किलकिला करण्यात येतो. संततिनियमनासाठी सहसा तेवढेही होत नाही.

विमा कंपन्यांची यामागील भूमिका समजून घेण्यासारखी आहे. आग, अपघात, हृदयविकार या आपत्ती कोणावर व केव्हा येतील हे सांगता येत नाही. अनेकांनी थोडथोडे पैसे एकत्र करावयाचे आणि ज्याच्यावर आपत्ती ओढवेल त्याला त्यातून मदत करावयाची, हे विम्याचे मूलतत्त्व होय. गर्भनिरोधक गोळी किंवा तांबी ही आपत्ती नव्हे. ती मनुष्य जाणूनबुजून निवडतो, तिचा खर्च आधीच ठाऊक असतो आणि तो लहान असतो. दिव्यात तेल घालण्याचा विमा कोणी उतरवीत नाही, असे या युक्तिवादाचे सार सांगता येईल.

हा युक्तिवाद तर्कशुद्ध असला तरी अपुरा आहे. त्याच कंपन्या आज विमेदाराच्या वार्षिक आरोग्यतपासणीचा खर्च देऊ करतात, कारण रोग बळावल्यावर द्यावयाच्या रकमेपेक्षा तो वेळीच ओळखण्याचा खर्च कमी येतो, हे त्यांनी जाणले आहे. रक्तक्षय असलेल्या आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर न पडलेल्या स्त्रीची पुढील गर्भावस्था ही धोक्याचीच गोष्ट आहे. तो धोका टाळण्याचा उपाय मात्र विम्याच्या दृष्टीने वैयक्तिक हौस ठरतो. अर्थात खाजगी विमापत्र घेणाऱ्या विडी कामगार स्त्रिया जवळजवळ नाहीतच. म्हणून या भागापुरता खरा विचार करावयाचा तो सामाजिक विम्याचा, म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या आणि मालक, कामगार व शासन यांच्या पैशांवर चालणाऱ्या योजनांचा.

साधने मोफत आहेत, मग विमा कशासाठी?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. निरोध, गोळ्या, तांबी आणि शस्त्रक्रिया या सर्व गोष्टी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळत असताना त्यांसाठी पुन्हा विम्याची तरतूद करणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजणे नव्हे काय?

ही मोफत सेवा सहजासहजी उभी राहिलेली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, तेव्हा त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने उपहास आला. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याची व्यवस्था केली. सरकारी पुढाकाराचे हे जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. बेळगाव जिल्हा मात्र त्या वेळी मुंबई प्रांतात होता, आणि त्या प्रांताच्या विधिमंडळात नोव्हेंबर १९३८ मध्ये पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी शासनाने कराव्यात असा ठराव मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी तयार केलेले भाषण त्यांच्या अनुपस्थितीत रोहम यांनी सभागृहात सादर केले. ठराव फेटाळला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६८ मध्ये ‘निरोध’ अल्प किमतीत बाजारात आला, आणि २०१७ पासून ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन व ‘छाया’ ही आठवड्याची गोळी शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागली.

तेव्हा साधनाची किंमत हा प्रश्न आता बव्हंशी सुटलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु साधनाची किंमत आणि संततिनियमनाचा खर्च या दोन गोष्टी एक नव्हेत. बिनटाक्याची असो वा टाक्याची, स्त्री नसबंदीनंतर निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी लागते आणि आठवडाभर जड उचलावयाचे नसते. वखारीत पोते ओढणाऱ्या स्त्रीस आठवडाभर जड उचलू नका असे सांगणे म्हणजे कामावर जाऊ नका असेच सांगणे होय. तांबी बसविल्यानंतर पहिले काही महिने पाळीचा स्राव वाढण्याचा संभव असतो. अंगात रक्त पुरेसे असलेल्या स्त्रीला त्याचे फारसे वाटत नाही. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला चक्कर येते, थकवा येतो आणि विड्यांची संख्या घटते. अशा वेळी लोहाच्या गोळ्या, रक्ततपासणी आणि महिना-दीड महिन्यानंतरची फेरतपासणी मिळाली नाही, तर ती स्त्री तांबी काढून टाकते व शेजारणींनाही नको म्हणून सांगते. ‘अंतरा’ इंजेक्शनासाठी वर्षातून चार खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेस बसभाडे आणि बुडालेली मजुरी. मोफत म्हणून जे मिळते त्याची खरी किंमत अशी चुकती होते, आणि ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

म्हणून प्रश्न नीट मांडावयाचा तर तो असा मांडावा लागेल: विम्याने गोळीचे पैसे द्यावेत काय, हा नव्हे, विम्याने त्या स्त्रीच्या बुडालेल्या दिवसांचे आणि त्यानंतरच्या काळजीचे पैसे द्यावेत काय, हा होय.

राज्य कामगार विमा योजना

या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर आपल्या देशात एका योजनेने फार पूर्वीच दिले आहे. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली राज्य कामगार विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. योजनेची मूळ चौकट मात्र संहितेने तशीच पुढे चालविली आहे. २०१९ पासून या योजनेत मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के वर्गणी भरावयाची असते.

सर्वसाधारण आजारपणात या योजनेतून वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विमेदार कामगारास मात्र संपूर्ण वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे: स्त्रीस १४ दिवसांची, पुरुषास ७ दिवसांची, आणि शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाल्यास ही मुदत वाढविता येते. प्रसूतीच्या कायद्यातही स्त्री नसबंदीनंतर दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद १९९५ च्या दुरुस्तीने झाली. म्हणजे संततिनियमन हा विम्याचा विषय होऊ शकत नाही, हे म्हणणे निदान सामाजिक विम्याच्या बाबतीत टिकत नाही. तो विषय झालेला आहे, आणि त्यामुळे ही योजना बुडाली असे कोणी ऐकलेले नाही.

अडचण आहे ती या तरतुदीचा लाभ कोणापर्यंत पोचतो ही. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. ऑक्टोबर ते मार्च या काळात कामगाराचे ७८ दिवस भरले, तर त्याचा लाभ पुढील जुलै ते डिसेंबर या काळात घेता येतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील कामाचा लाभ त्यापुढील जानेवारी ते जूनमध्ये. बारमाही कारखान्यातील कामगाराला या हिशेबाची जाणीवही होत नाही. जिला हंगामानुसार काम मिळते, कधी या वखारीत तर कधी त्या वखारीत, तिचे दिवस एका मालकाच्या नोंदवहीत पुरते लागतच नाहीत. त्यातच हंगामी कारखाने या योजनेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आलेले आहेत. ही तरतूद १९४८ च्या कायद्यात होती, ती नव्या संहितेतही आहे. घरी बसून ठेकेदाराकडून पाने व तंबाखू घेणाऱ्या आणि वळलेल्या विड्या त्यालाच परत देणाऱ्या स्त्रीची गोष्ट तर दूरच राहिली. तिच्या नावे नोंद असेल तरच ती कामगार, आणि नोंद बहुधा घरातील एकीच्याच नावे असते, मग हात तिघींचे का चालेनात.

दुसरी उणीव अशी की, हा लाभ शस्त्रक्रियेपुरताच आहे. तांबी बसवून घेणारीस वेतनासह एक दिवसाचीही सुट्टी त्यात अभिप्रेत नाही. जी पद्धत कायमची, तिला १४ दिवस. जी हवी तेव्हा थांबविता येते, तिला शून्य.

विडी कामगारांचा कल्याण निधी

विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये केंद्र शासनाने दोन कायदे केले. एकाने विड्यांवर उपकर बसविला आणि दुसऱ्याने त्यातून कल्याण निधी उभारला. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही या निधीचे ओळखपत्र मिळू शकते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. ओळखपत्रधारकांसाठी दवाखाने चालविणे, मुलांना शिष्यवृत्त्या देणे यांबरोबरच पहिल्या दोन प्रसूतींसाठी प्रत्येकी १,००० रुपये आणि नसबंदीसाठी ५०० रुपये अशा रकमा निधीच्या योजनांमध्ये ठरविण्यात आल्या. रकमा ठरल्या त्या वेळी त्या कितपत पुरेशा होत्या हा वादाचा विषय होईल. आजच्या मजुरीच्या मानाने त्या नाममात्र आहेत, याविषयी वाद नाही. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून विडीवरील उपकर बंद झाला आणि निधीचा स्वतःचा झरा आटला. तेव्हापासून हा खर्च अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहे. उपकर हा एका अर्थाने विड्यांनीच भरलेला विमाहप्ता होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

फसलेल्या शस्त्रक्रियेचा विमा

संततिनियमनाशी थेट संबंध असलेला एक विमा देशात अस्तित्वात आला, तो मात्र निराळ्याच कारणाने. नसबंदी शिबिरांतील हलगर्जीपणाविरुद्ध रमाकांत राय यांनी दाखल केलेल्या याचिकेवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कुटुंबनियोजन विमा योजना सुरू झाली. आरंभी ती विमा कंपन्यांमार्फत चालविली जाई. १ एप्रिल २०१३ पासून राज्य शासने स्वतःच भरपाई देतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर येथे शिबिरातील शस्त्रक्रियांनंतर अनेक स्त्रिया दगावल्या, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. त्यानंतर भरपाईच्या रकमा दुप्पट झाल्या: रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून ७ दिवसांत मृत्यू झाल्यास ४ लाख रुपये, ८ ते ३० दिवसांत झाल्यास १ लाख, शस्त्रक्रिया निष्फळ ठरून गर्भ राहिल्यास ६० हजार, आणि गुंतागुंतीच्या उपचारासाठी ५० हजारांपर्यंत.

ही तरतूद आवश्यकच होती. तथापि विम्याचा हात प्रथम पुढे आला तो मृत्यू आणि अपयश यांसाठी, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला व शासनाला संरक्षण मिळाले, दगावलेल्या स्त्रीच्या वारसांना पैसे मिळाले. जी सुखरूप घरी परतली आणि आठवडाभर निजून राहिली, तिचा त्यात काही हिशेब नाही.

एकाच पद्धतीकडे कल

पैशाचा ओघ ज्या बाजूला, त्या बाजूला लोकांची पावले वळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ४९ टक्के आणि देशात सुमारे ३८ टक्के होते. पुरुष नसबंदीचे प्रमाण देशात अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरले. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, विश्रांती कमी दिवसांची, आणि विम्याचा भारही निम्मा. केवळ तीन महिने दुसरे साधन वापरून नंतर तपासणी करून घ्यावी लागते. हा सगळा कल केवळ विम्याच्या नियमांमुळे निर्माण झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रूढी, घरातील सत्ता आणि १९७६ मधील सक्तीच्या नसबंदीची आठवण यांचा वाटा अधिक मोठा आहे. परंतु १४ दिवसांचे वेतन, ५०० रुपयांची मदत आणि अपयशाची भरपाई या तिन्ही गोष्टी नसबंदीलाच चिकटलेल्या असताना दोन मुलांत अंतर ठेवू पाहणाऱ्या विशीतल्या स्त्रीला या व्यवस्थेत जागा कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

१९७६ च्या अनुभवातून आणखी एक सावधगिरी निघते. विम्याचा लाभ हा कामगाराचा हक्क असावा, आमिष नव्हे. कोणत्याही पद्धतीसाठी दिली जाणारी रक्कम बुडालेल्या मजुरीइतकी असेल तर ती भरपाई ठरते. त्याहून बरीच अधिक असेल तर गरजू स्त्री पैशासाठी पद्धत निवडू लागेल. सर्व पद्धतींना एकच न्याय लावणे, म्हणजे वैद्यकाने जितके दिवस विश्रांती सांगितली तितक्या दिवसांचे वेतन देणे, हा यावरील सरळ मार्ग दिसतो.

सीमाभागातील रुग्णालय-योजनांनीही ही पोकळी भरून निघत नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात ‘आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक’ योजना आली. सीमाभागातील ८६५ गावांतील रहिवाशांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरविले आणि त्यास कर्नाटक शासनाने हरकत घेतली. त्या वादाचा निर्णय काहीही होवो, दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती उभ्या आहेत. महिना-दीड महिन्याने तांबी तपासून घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही.

परदेशांत या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी मिळाली. ब्रिटनमध्ये १९७४ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेतून साधने मोफत मिळतात, तर जर्मनीत सार्वजनिक विमा वयाची २२ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांचा खर्च उचलतो. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने खाजगी विम्यांवरही ही जबाबदारी टाकली. त्यावरून मालकांच्या धर्मश्रद्धेचा वाद २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे वादाचे स्वरूप तसे नाही. येथे कोणी तत्त्वतः विरोध करीत नाही. केवळ यादीत नाव नसते.

नव्या संहितेत घरकामगारांसह असंघटित कामगारांसाठी आरोग्य व प्रसूतिलाभाच्या योजना आखण्याची तरतूद आहे. त्या योजना आखताना विडी वळणाऱ्या स्त्रीचे दिवस ठेकेदाराच्या वहीवरून मोजावयाचे की तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावरून, हे ठरवावे लागेल. तोपर्यंत जे मिळू शकते ते तरी पदरात पडावे, यासाठी कागद जपून ठेवणे अगत्याचे आहे. नसबंदी झालेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र व संमतिपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर पाळी चुकल्यास ताबडतोब आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, कारण भरपाईचा अर्ज घटना उघडकीस आल्यापासून ९० दिवसांच्या आत करावा लागतो. विमेदार कामगाराने शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी आपले ७८ दिवस कोणत्या सहामाहीत भरले आहेत, याची विमा कार्यालयात चौकशी करावी. अनेकदा केवळ महिनाभर थांबल्याने १४ दिवसांचे वेतन मिळू शकते.